रस्ता आपला आहे, डोकेही आपलेच आहे

वस्तीत पहिली मोटारसायकल आली की ती एकट्या मालकाची राहत नाही. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला तीच, परीक्षेच्या दिवशी पोरीला केंद्रावर सोडायला तीच आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून पुढे धावायलाही तीच. एसटीची फेरी रद्द झाली तरी माणूस अडून राहत नाही, हे स्वातंत्र्य या दोन चाकांनी दिले. म्हणून हप्त्याने का होईना, आपला तरुण आधी गाडी घेतो. काही शहाणे लोक त्याला उधळेपणा म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या समाजाच्या नवरदेवाने घोड्यावर बसले तरी गावाच्या भुवया उंचावत आणि अनेक ठिकाणी दगड पडत, त्या समाजाचा तरुण स्वतःच्या गाडीवर ताठ बसून गावातून जातो, ही गोष्ट साधी नाही.

आजही ती साधी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन विद्यार्थ्याने बुलेट चालवली म्हणून त्याच्या हातांवर वार केल्याची तक्रार नोंदली गेली आणि तिघांना अटक झाली. वार हातांवर झाले, हे लक्षात घ्या. हँडल धरणारे हातच ज्यांच्या डोळ्यांत खुपतात, त्यांना गाडीचे वावडे नसते, गाडीवर बसलेल्या माणसाचे असते. तेव्हा रस्ता हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे, याबद्दल दुमत नको.

परंतु हक्क मिळाला म्हणून कौशल्य आपोआप येत नाही. या संदर्भात बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग प्रत्येक गाडीवाल्याने समजून घेतला पाहिजे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते आणि त्या कामासाठी खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवरून महारवाड्यात जायचे होते. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी चालत यावे हे आपल्या माणसांना अपमानाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला आला नाही. आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला आणि त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीच्या मोरीवर टांगा उलथला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला.

या प्रसंगाचा पहिला दोषी जातीचा गर्व आहे, हे उघड आहे. पण आम्ही त्यातून दुसरा धडाही घेतो. आपल्या माणसांचा स्वाभिमान शंभर टक्के खरा होता, कमी होता तो फक्त सराव. आज लगामाच्या जागी अॅक्सिलरेटर आला आहे आणि तो हाती धरायला कुणाची परवानगी लागत नाही. मग शिकण्यात कसूर का करावी?

आधी या वाहनाचा आनंद मान्य करू, कारण आनंद नाकारून केलेला उपदेश तरुण ऐकत नाही, आणि त्याने ऐकूही नये. पहाटे घाट चढताना अंगावर येणारा गारवा, वळणावर गाडीबरोबर शरीरही झुकते तेव्हा येणारा तोल, भाताच्या खाचरांचा आणि उसाच्या फडाचा वास, हे मोटारीच्या काचेआड बसणाऱ्याला कळत नाही. दुचाकीवर माणूस रस्ता नुसता पाहत नाही, तो अंगाने वाचतो.

अलीकडे या आनंदाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे रुजला आहे. डांबरी रस्ता आणि मातीची वाट दोन्हींवर चालणारी गाडी, जिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स. पुढचे चाक मोठे, सस्पेन्शन लांब, इंजिन जमिनीपासून बरेच वर. जाहिरातीत ही गाडी लडाखच्या खिंडीत दिसते. पण खरे सांगायचे तर मराठवाड्यातला आपला माणूस साध्या शंभर सीसीच्या गाडीवर रोजच हा खेळ खेळतो आहे. पावसाळ्यात वस्तीवर जाणारी काळ्या मातीची वाट आठवा. चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये असा दाटतो की चाक फिरायचे थांबते आणि काडीने चिखल उकरत बसावे लागते. मातीत चालणाऱ्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच का ठेवतात, याचे उत्तर या चिखलात आहे. शौकिनांसाठी जे साहस, ते आमच्या वस्तीसाठी रस्त्याचा अनुशेष आहे.

म्हणूनच मातीवर गाडी चालवण्याचे तंत्र शौकिनांपुरते राहू नये. खडी आणि चिखलावर हँडल घट्ट आवळायचे नाही, गाडीला थोडे हलू द्यायचे. फूटरेस्टवर उभे राहिले की वजन खाली जाते आणि खड्ड्याचा धक्का पाठीऐवजी गुडघे झेलतात. खडीवर, त्यातही वळणावर, पुढचा ब्रेक झटक्याने दाबला की पुढचे चाक सटकते. याउलट कोरड्या डांबरावर गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लावताच वजन पुढे येते. आपल्याकडे अनेकजण ‘पुढचा ब्रेक लावला की माणूस पालथा पडतो’ या ऐकीव गोष्टीवर जन्मभर फक्त मागचा ब्रेक दाबतात आणि ऐन वेळी गाडी थांबत नाही. आणखी एक नियम दोन्ही रस्त्यांवर लागू आहे. नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे पाहत राहाल तर खड्ड्यातच जाल. खड्ड्याच्या बाजूच्या वाटेकडे पाहा.

हे सगळे कोण शिकवते? बहुतेकांना मोठा भाऊ किंवा मित्र शिकवतो, तेही एका संध्याकाळी मैदानावर. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस भागातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चूक दुसऱ्या चालकाची होती, त्याने मोटारसायकलच्या वाटेत गाडी आडवी घातली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा चूक समोरच्याची असते, पण हाड आपले मोडते. न्यायालयात आपण जिंकतो, पण निकाल ऐकायला कर्ता माणूस नसतो. मोटार अपघात दाव्यांच्या फायली आमच्या टेबलावर येतात, तेव्हा हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

आता आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांपैकी १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे कोण बसते? आपली आई, पत्नी, बहीण, मुलगी. चालकाच्या डोक्यावर पोलिसाच्या भीतीने हेल्मेट आणि मागच्या बाईच्या डोक्यावर फक्त पदर, ही विषमता आपल्याच गाडीवर चालते आणि आपण मात्र समतेची भाषणे देतो! मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने दोघांवरही हेल्मेटची सक्ती केली आहे. २००८ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे त्यातून दिसले. मात्र ते आयएसआय खुणेचे असावे, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. आरशाला लटकवलेले हेल्मेट फक्त आरशाचे रक्षण करते.

वेगाचे गणितही साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. त्यात पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात. पहिल्या पावसात तेल आणि धूळ मिसळून रस्ता साबणासारखा होतो. अशा वेळी शौर्य कामाला येत नाही, अंतर कामाला येते.

जयंतीच्या मोटारसायकल रॅलीविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. शेकडो गाड्या निघतात, निळे झेंडे फडकतात, ऊर भरून येतो. पण एका गाडीवर तिघे, डोके उघडे, सायलेन्सर काढलेला आणि चालवणारा अठरा वर्षांच्या आतला, हे दृश्यही त्याच रॅलीत असते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. ज्यांनी देशाला राज्यघटना दिली, त्यांच्या जयंतीला कायदा मोडून मानवंदना देता येत नाही.

कायद्याचे काही मुद्दे घराघरांत माहीत असावेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिला मुद्दा विम्याचा. फक्त कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसलेल्याचे संरक्षण येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात ठरवले. सर्वसमावेशक पॉलिसीत ते येते, हे २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात स्पष्ट झाले. काही शे रुपये वाचवताना नेमके काय सोडले, ते पाहा.

दुसरा मुद्दा मागून आणलेल्या गाडीचा. मित्राची गाडी घेऊन जाणारा माणूस कायद्याने मालकाच्या जागी उभा राहतो. त्यामुळे तो मेला तर त्याचे वारस त्याच गाडीच्या विम्यावर तृतीय पक्ष म्हणून दावा करू शकत नाहीत, असे २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटले आहे. गाडी देताना आणि घेताना परवाना व कागद पाहणे म्हणजे मैत्रीत संशय नव्हे.

तिसरा मुद्दा मुदतीचा. २०१९ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्या भरवशावर थांबू नका. दहावा-तेरावा करण्यात आपला समाज अडकत नाही, मग कागद गोळा करण्यात का अडकावे? धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे.

चौथा मुद्दा मदतीचा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे, पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने कुणी तोंड फिरवू नये. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे विनारोकड उपचार देण्याची केंद्राची योजना आहे.

आणि पाचवा मुद्दा खड्ड्याचा. खड्डा हे नशीब नाही, तो कुणाच्या तरी कामातला कसूर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, तर जखमीला दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तेव्हा खड्ड्याचा फोटो, तारीख आणि पंचनामा जपून ठेवा.

आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक तालुक्यात जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातून काही रक्कम काढावी. एका रविवारी मोकळ्या मैदानावर ब्रेक कसा लावायचा, खडीवर गाडी कशी सांभाळायची याचे शिबिर घ्यावे. त्यात मुलींना पुढच्या सीटवर बसवावे. येत्या रॅलीत ज्याच्या आणि जिच्या डोक्यावर हेल्मेट, त्यांनाच प्रवेश द्यावा. निळ्या झेंड्याखाली हजार हेल्मेट एका ओळीत शिस्तीने जातील, त्या दिवशी बघणाऱ्यांना आपली ताकद मोजायला हॉर्नचा आवाज लागणार नाही.

मित्रहो, गाडी जरूर घ्या, घाट चढा, वस्तीची वाट तुडवा, लडाखलाही जा. पण संध्याकाळी घरी या. ज्या डोक्यात बाबासाहेबांचा विचार आहे, ते डोके रस्त्यावर फुटण्यासाठी नाही.