‘वजन कमी कर’ म्हणण्याआधी

तुमची पीसीओएसची (आपल्याकडे सर्रास म्हणतात त्या ‘पीसीओडी’ची) फाइल उघडून बघा. सोनोग्राफी असेल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, साखर असेल. इन्सुलिनची तपासणीही असेल, जिची रोजच्या उपचारात बहुतेकदा गरज नसते. पण ‘झोप लागते का, उदास वाटतं का’ असं कोणी विचारल्याची नोंद सहसा सापडणार नाही. या प्रश्नाला तर पैसेही पडत नाहीत.

हे मी फक्त इतरांना सुनावत नाही. काही वर्षांपूर्वी विशीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. पाळी तीन-तीन महिने नाही, मानेवर काळपट पट्टे. बोलत होती ती आईच. मी मेटफॉर्मिन लिहून दिलं, ‘सात-आठ किलो कमी कर, रोज पाऊण तास चाल’ असं सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. पाच महिन्यांनी आली तेव्हा वजन चार किलो वाढलेलं. मी चक्क रागावलो. आई औषधं आणायला बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “सर, कॉलेज सोडलंय. मास्क काढावा लागतो ना तिथे.” दोन्ही वेळा तिच्या तोंडावर मास्क होता आणि मला वाटलं होतं, सर्दी असेल. मास्कखाली हनुवटीवरचे केस होते. ती रात्री झोपत नव्हती आणि सकाळी उठावंसं तिला वाटत नव्हतं.

अशा मुलीला मी चालायला सांगत होतो! नैराश्य माणसाचा उत्साह, झोप आणि भुकेचं गणितच बिघडवतं. आणि आमचा पीसीओएसचा उपचार म्हणजे काय? वेळेवर उठा, व्यायाम करा, खाण्यावर ताबा ठेवा. आजाराने जे हिरावून घेतलंय तेच आम्ही तिच्याकडे मागतो आणि जमलं नाही की तिला आळशी ठरवतो.

‘वजन उतरलं की मूडही सुधारेल’ हे आमचं आवडतं उत्तर. ते अपुरं आहे. तेवढ्याच वजनाच्या इतर स्त्रियांशी तुलना केली तरी पीसीओएस असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. त्यांच्याकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या 8 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आणि 2023 च्या सुधारित आवृत्तीतही स्पष्ट म्हटलंय की निदान होताच प्रत्येकीची नैराश्य आणि चिंतेसाठी चाचपणी करावी. किशोरवयीन मुलींचीसुद्धा. आम्ही काय करतो? एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘पुढे मूल होणं अवघड जाईल हं’ म्हणून घाबरवतो. हे सरसकट खरंही नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेकींना मुलं होतात, काहींना लेट्रोझोलसारख्या गोळ्यांची मदत लागते. वरून ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ हे आहेच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी आरशासमोर तास तास बसणाऱ्या मुलीला हे वाक्य कसं लागत असेल?

तेव्हा तुम्हीच विषय काढा. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? खिन्न, निराश वाटतंय का? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज 3 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना तसं सांगा आणि पुढची तपासणी मागा. पाळीच्या गोळ्या सुरू केल्यावर मूड बिघडला असेल तर तेही सांगा. फिट्स किंवा बायपोलरसाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर आवर्जून सांगा. त्याने वजन वाढू शकतं, पाळी बिघडू शकते. मात्र ते स्वतःहून बंद करू नका.

आणि आईंनो, पाच मिनिटं बाहेर बसा. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही आधी समुपदेशन आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी लेझर सुरू केलं, वजनकाट्यावर दोन महिने उभंच केलं नाही. चालायला ती नंतर आपणहून लागली.

जगणं नकोसं वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरात कोणाला तरी आजच सांगा आणि टेलिमानसच्या 14416 या नंबरवर फोन करा. सेवा सरकारी आहे, मोफत, चोवीस तास आणि मराठीतही.