आधी नंबर सांगा!

बंगळुरूच्या इंदिरानगरात राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर अभियंता महिलेला सप्टेंबर २०२४मध्ये फोन आला. बोलणाऱ्याने आपण कुरिअर कंपनीच्या अंधेरी केंद्रातून बोलत असल्याचे सांगितले. तुमच्या नावच्या पार्सलात पासपोर्ट, क्रेडिट कार्डे आणि एमडीएमए हा अमली पदार्थ सापडला आहे, म्हणाला. पाठोपाठ 'सीबीआय' अवतरली, व्हिडिओ कॉलवरची नजरकैद सुरू झाली आणि पडताळणीच्या नावाखाली १८७ व्यवहारांत ३१.८३ कोटी रुपये गेले. गुन्हा नोंदला गेला तो नोव्हेंबर २०२५मध्ये.

'शिकलेली माणसे फसतातच कशी?' असे विचारून आपण मोकळे होतो. पण कर्ज, प्लॉट, विमा विकणारे फोन दिवसभर घ्यायची सवय आपल्याला कुणी लावली? या गर्दीतूनच दरोडेखोर बिनबोभाट घरात शिरतो.

आणि गर्दीला आपला पत्ता मिळतो कुठे? इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर काय किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर काय, साधे मोजे घ्यायला जा. बिलाआधी काउंटरवरून फर्मान सुटते, "नंबर सांगा." मागे रांग खोळंबलेली असते, म्हणून आपण दहाही आकडे खणखणीत आवाजात सांगून टाकतो. (रांगेतल्या चौघांनाही ते फुकटात मिळतात.) पुढे तो नंबर कुणाच्या यादीत गेला, याचा हिशेब कुणी देत नाही.

नको असलेल्या फोनसाठी १९०९ हा क्रमांक आहे. पण तिथे नाव नोंदवायचे ग्राहकाने आणि तक्रार करायची तीही ग्राहकानेच, सात दिवसांच्या आत. फेब्रुवारी २०२५मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने नियम कडक केले. नकोशा कॉलची आकडेवारी चुकीची देणाऱ्या दूरसंचार कंपनीला आता पहिल्या खेपेस दोन लाख, पुढे दहा लाखांपर्यंत भुर्दंड. इंदिरानगरच्या एकतीस कोटींशेजारी हे दोन लाख ठेवून पाहावेत! शिवाय भामटे बोलावतात व्हिडिओ कॉलवर, आणि व्हॉट्सॲपसारखी ॲप्स या नियमांच्या कक्षेबाहेरच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये संसदेने केला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली गेली. ही सवलत कंपन्यांना आहे, भामट्यांनी मात्र ती कुणाला दिलेली नाही. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मे २०२३मध्येच बजावले होते. ती नुसती सूचना होती. तिचे सक्तीच्या, दंडासहच्या नियमात रूपांतर करायला अठरा महिने थांबण्याचे काहीच कारण नाही.