गडचिरोलीचे ताट आणि अंड्याचा वाद

हृदयविकार व पक्षाघात हे सुखवस्तूंचे रोग आणि कुपोषण ही गरिबांची व्याधी, अशी सोयीची विभागणी आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. गडचिरोलीने ती खोटी ठरविली. ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंचा अभ्यास केला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शेकडा १४.३, पक्षाघाताने झाल्याचे आढळले. मृत्यूचे एवढे मोठे दुसरे कारण तेथे नव्हते. ज्या घरात मूल अपुऱ्या अन्नाने खुरटते, त्याच घरातील कर्त्या माणसाला रक्तवाहिन्यांचा विकार गाठतो, असा याचा अर्थ आहे.

अशा जिल्ह्यात ताटात काय पडते, हा प्रश्न केवळ पोट भरण्यापुरता उरत नाही. कोलीन या पोषकद्रव्याचा विचार या संदर्भात करावयास हवा. १९३०च्या दशकात इन्सुलिनच्या शोधामुळे ख्यातनाम झालेले चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, कोलीन मिळाले नाही तर यकृतात चरबी साठते. यकृतातील चरबी रक्तावाटे बाहेर नेण्यासाठी जे वेष्टन लागते, ते कोलीनवाचून नीट घडत नाही. चरबीने भरलेले यकृत पुढे मधुमेहाला व हृदयविकाराला वाट करून देते. रक्तातील होमोसिस्टीन या घटकाचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याच्या कामीही कोलीनचा उपयोग होतो. शरीर ते थोडेफार स्वतः तयार करते, पण ते पुरत नाही. म्हणून १९९८ साली अमेरिकेतील वैद्यक संस्थेने त्याला आवश्यक पोषकद्रव्य ठरविले आणि दररोज पुरुषांसाठी ५५०, स्त्रियांसाठी ४२५, गर्भवतींसाठी ४५० व स्तनदा मातांसाठी ५५० मिलिग्रॅम हे पुरेसे प्रमाण सांगितले.

या चर्चेची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. २०११ व २०१३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी दाखविले की, आतड्यातील जंतू कोलीनपासून एक द्रव्य बनवितात, यकृत त्याचे रूपांतर ‘टीएमएओ’ या द्रव्यात करते, आणि ज्यांच्या रक्तात ते अधिक असते त्यांच्यात हृदयविकाराचे झटके अधिक आढळतात. मात्र मूत्रपिंडे दुबळी झाली तरीही हे द्रव्य रक्तात वाढते; समुद्री माशांत तर ते आयतेच असते, आणि तरीही मासे हृदयाला घातक ठरलेले नाहीत. अतिरेकाची जी मर्यादा तज्ज्ञांनी घातली, ती प्रौढांसाठी दिवसाला साडेतीन ग्रॅम आहे. एका मोठ्या अंड्यात सुमारे १४७ मिलिग्रॅम कोलीन असते. म्हणजे ती मर्यादा गाठण्यास दिवसाकाठी वीसहून अधिक अंडी खावी लागतील! मांसाहाराचा अतिरेक करणाऱ्या समाजाची ही चिंता आठवड्यातून एका अंड्याची वाट पाहणाऱ्या मुलावर लादणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

कोलीन कमी म्हणून पक्षाघात झाला, असा सरळ हिशेब मांडणेही तितकेच चूक ठरेल. वाढलेला रक्तदाब, मीठ, तंबाखू व खर्रा, आणि वेळेवर न मिळणारा औषधोपचार ही कारणे समोर आहेत. परंतु भात हेच ज्याचे मुख्य अन्न, त्याला भातातून कोलीन नगण्य मिळते. ते अंडी, मासे, मांस, दूध, सोयाबीन व कडधान्ये यांत असते. आणि गरिबाच्या ताटातून प्रथम गळतात ते हेच पदार्थ.

येथे प्रश्न आहारशास्त्राकडून अर्थशास्त्राकडे वळतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी सोयाबीन पिकवितो. कारखान्यात त्याचे तेल शुद्ध करताना कोलीनयुक्त लेसिथिन वेगळे काढले जाते व ते चॉकलेट-बिस्किटांच्या उद्योगाला जाते. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकविणाऱ्याच्या वाट्याला येते ते सत्त्व काढलेले तेल, तेही बाजारभावाने.

शासनाचे धोरण तरी वेगळे आहे काय? २०१५ साली आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू झाली. गर्भवती व स्तनदा मातांना चौरस जेवण आणि पुढे अंगणवाडीतील बालकांनाही अंडी देण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळकरी मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. तो वर्ष-सव्वा वर्षही टिकला नाही. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्याचा वेगळा निधी थांबविला आणि अंडी द्यावयाची तर लोकसहभागातून द्यावीत, असे शाळा व्यवस्थापन समित्यांना सांगितले. भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर लोकवर्गणी मागणे म्हणजे उपाशी माणसाच्याच घरी माधुकरी मागणे होय. जेथे वर्गणी जमू शकते, तेथील मुलांना अंड्याची निकड सर्वांत कमी. जेथे निकड, तेथे वर्गणी नाही. सार्वजनिक खर्चाचे प्रयोजनच ही विषमता भरून काढण्याचे असते.

म्हणून शाळेतील अंडे हा मुलाचा हक्क म्हणून अर्थसंकल्पात परत आले पाहिजे. जे खात नाहीत, त्यांना दूध वा सोयाबीनसारखा तुल्य पर्याय मिळाला पाहिजे. रेशनवर तांदळासोबत डाळ हवी. माजी मालगुजारी तलावांतील गाळ काढून ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांना आधार दिला, तर मासळी गावच्याच ताटात येईल. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत व शाळा समितीत हाच प्रश्न मांडावा, आणि गावोगावी रक्तदाब तपासणी व गोळ्या नियमित मिळतात की नाही, याचीही झडती घ्यावी. मुलाचे अंडे आणि बापाची रक्तदाबाची गोळी या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. एकाच घराच्या आयुष्याचा तो हिशेब आहे.