गच्चीवरची माती : कळलावी घरी लावावी का?

गेल्या पावसाळ्यापासून वाचक भगिनींकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. किनवट-माहूरच्या रस्त्याने जाताना श्रावणात झुडपांवर चढलेले, चुलीतल्या जाळासारखे लाल-पिवळे फूल दिसते, ते कोणते? आणि ते कुंडीत लागेल का?

फूल कळलावीचे. कुंडीत लागते, अगदी छान लागते. एवढे उत्तर द्यायला आम्हाला इतके महिने लागले, कारण आम्हा दोघी बहिणींचेच त्यावर एकमत होत नव्हते. जुन्या वाचकांना माहीत आहे की आमच्यातली मोठी नांदेडला आणि धाकटी लातूरला असते आणि हे सदर फोनवर बोलून तयार होते. मध्यंतरी तो फोनच बंद होता. कारण कळलावी. नाव ऐकून हसू नका, आम्हीही तेव्हा हसलो नव्हतो.

झाले असे. नांदेडच्या कुंडीतले कंद वाढले होते. वेल सुकल्यावर आपाने त्यातले चार कंद काढले, कागदात गुंडाळले आणि लातूरला जाणाऱ्या भाच्याच्या हाती दिले. कागदावर काही लिहिले नाही. धाकटीने ते स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवले, की उद्या वाळूत घालू. उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला. एके दिवशी सून रताळी उकडायला घेत होती. तिने टोपलीजवळचे सगळे धुवायला काढले आणि हाक मारली, "अम्मी, ये रताले ऐसे कैकू मुडे हुए हैं?" धाकटी नमाजच्या चटईवरून उठतच होती. ती धावली. अल्लाहचे लाख शुक्र, पातेले अजून चुलीवर चढले नव्हते. घरात तीन वर्षांचा नातू आहे आणि उकडलेले रताळे म्हणजे त्याचा जीव की प्राण.

त्यानंतर कोण कोणाला काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहून का दिले नाहीस, आणि स्वयंपाकघरात का ठेवलेस, या दोन वाक्यांवर जवळजवळ दीड महिना गेला. गल्लीतल्या एका खालांनी तर निकालच दिला, की ते झाड घरात आले की भांडण येणारच, नावच तसे आहे.

या नावाचे आधी सांगू. कळ म्हणजे भांडण, कळ लावणे म्हणजे दोघांत काडी टाकणे. त्यावरून लोक समजतात की झाड अपशकुनी. पण कळ म्हणजे बाळंतपणाची वेणसुद्धा. पूर्वीच्या सुईणी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावत, नावाचा खरा धागा तिथे आहे. शकुन-अपशकुन मानू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे, तेव्हा भांडणाचे खापर वेलीवर फोडायचे कारण नाही. सुईणींच्या लेपाचे मात्र आज कोणी नाव काढू नये. गरोदर बाईच्या आसपास हा कंद नकोच.

कारण कळलावी अंगभर विषारी आहे. पान, फूल, बी, सगळेच. कंद आणि बी सर्वांत जास्त. तिच्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. पोटात गेले तर काही तासांत तोंड-घसा जळतो, उलट्या सुरू होतात, पटकीसारखे पाण्याचे जुलाब होतात. माणसाला वाटते काहीतरी शिळे खाण्यात आले. मग एखादा दिवस बरे वाटल्यासारखे होते आणि त्यानंतर मूत्रपिंड, रक्त, हृदय यांवर परिणाम दिसू लागतो. वाचलेल्यांचे केसही गळतात. श्रीलंकेत आणि आपल्या देशातही रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. म्हणजे आमच्या घरी जे होता होता राहिले ते काही नवलाचे नव्हते. कोणी चुकून खाल्लेच तर मीठपाणी, ताक, घरगुती काढा यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, आणि खाल्लेल्या कंदाचा किंवा पानाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका.

आता गंमत अशी की हेच द्रव्य आपल्या घरांत कित्येक पिढ्यांपासून औषध म्हणून येत आहे. आमच्या नानांना पायाच्या अंगठ्याची गाठ सुजायची, तेव्हा हकीमसाहेब माजून सूरंजान देत. सूरंजान हा काश्मीरकडच्या थंड डोंगरांतल्या एका छोट्या फुलाचा कंद. तो आणि कळलावी एकाच कुळातल्या, आणि कोल्चिसिन दोघांतही. युनानी हकीम गोड आणि कडू असे सूरंजानचे दोन प्रकार मानतात आणि कडवा पोटात द्यायला घाबरतात, ते उगीच नाही. फ्रान्समध्ये १८२० साली हे द्रव्य वेगळे काढले गेले. आज युरिक अॅसिड वाढून सांधा सुजला की डॉक्टर त्याची गोळी देतात, ती अर्ध्या मिलिग्रॅमची असते. अर्धा मिलिग्रॅम! मिठाचे चारदोन खडे तेवढे भरतील. इतक्या मापाची वस्तू कंद उगाळून अंदाजाने घेणे किती धोक्याचे, ते यावरून समजावे. तामिळनाडूत करूर-दिंडिगुलकडे शेतकरी कळलावीची शेती करतात, तिचे बी औषध कंपन्यांना जाते. तिथे ते राज्याचे फूल आहे, आणि झिंबाब्वेचे तर राष्ट्रीय फूल.

इतके वाचूनही जिला लावायची आहे, तिच्यासाठी पुढचे. (मोठी म्हणते, अशा बायका निघतीलच. तीही त्यातलीच.)

कंद रानातून खणून आणू नका. औषधासाठी खणून खणून बऱ्याच ठिकाणी ही वेल कमी झाली आहे. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या किंवा कोणाच्या कुंडीतला मागा, आणि कागदावर मोठ्या अक्षरात "विष" असे लिहून घ्या. बियांपासूनही येते, पण बी उगवायला फार आळशी आणि फूल यायला तीन-चार वर्षे. कंदाचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा नांगरासारखा असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेक डोळा असतो. कंदाला दुसरीकडे कुठे डोळे नसतात. टोक मोडले की तो फाटा गेला. आमचे पहिले दोन कंद असेच वाया गेले, बटाट्यासारखे कापून लावायला गेलो होतो. हातात मोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

लावायची वेळ हीच, मृगाचा एक चांगला पाऊस झाला की. बारा-चौदा इंचांची मातीची कुंडी, तळाला खापऱ्या. आपली मराठवाड्याची काळी माती एकटी चालत नाही. पावसात ती चिखल होऊन बसते आणि कंद आतल्या आत कुजतो. काळी माती, बारीक मुरूम किंवा वाळू, आणि जुने शेणखत, तिन्ही सारखे. कंद आडवा ठेवून वर दोन-तीन बोटे माती. मग धीर. कोंब दोन-तीन आठवड्यांत येतो, कधी महिना घेतो. उकरून पाहू नका, टोक मोडते.

आधाराच्या बाबतीत आम्ही बरीच वर्षे चुकत होतो. जाड बांबू लावायचो आणि वेल बाजूला पडायची. या वेलीचे पानच टोकाला बारीक होऊन तणाव्यासारखे वळते आणि त्याने ती पकडते, तेव्हा तिला बारीक काहीतरी हवे. तुराट्या सर्वांत उत्तम. लातूरकडे तुरीला काय तोटा! फांद्यांसकट चार तुराट्या कुंडीत रोवल्या की वेल माणसाच्या उंचीपर्यंत आपली आपण जाते.

श्रावण-भाद्रपदात फुले. कळी हिरवी, उमलताना पिवळसर, मग पाकळ्यांच्या कडा लाल होत जातात आणि चार-सहा दिवसांत सगळे फूल लालभडक. सहा पाकळ्या, कडा मुरडलेल्या, सगळ्या मागे वळलेल्या. एकाच वेलीवर तिन्ही रंग एका वेळी दिसतात. अस्रनंतरच्या तिरप्या उन्हात गच्चीवर बसून पाहावे. मधली काडी काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळे स्वतःचे पराग तिला सहज मिळत नाहीत. तामिळनाडूतले शेतकरी हाताने पराग लावतात. आपल्याला बी नको असेल तर शेंग धरू देऊ नका. पिकून फुटलेल्या शेंगेतले शेंदरी दाणे मुलांना गोळ्यांसारखे दिसतात.

काळी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची अळी दिसली तर त्याच दिवशी वेचा. रात्रीत वेल बोडकी करते.

दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडतील. घाबरून पाणी वाढवू नका, उलट बंद करा. जुना कंद सुकून जातो आणि त्याच्या जागी नवे तयार झालेले असतात. कुंडी भिंतीच्या सावलीत सरकवून ठेवा, उन्हाळाभर थेंबही नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आले, त्या उन्हाळ्यात धाकटीची सगळी बाग गेली. नळाला पाणी नाही तर कुंडीला कुठून! कळलावी तेवढी जूनच्या पावसात पुन्हा वर आली. तेव्हापासून तिचा या वेलीवर फार जीव. म्हणूनच ती द्यायला तयार नव्हती, आणि आपाचा हट्ट होता की नातू शाळेत जाईपर्यंत कुंडी त्या घरात नको.

बकऱ्यांचेही लक्षात ठेवा. २०२४ ला बकरी ईद १७ जूनला होती, नेमके कोंब वर येण्याचे दिवस. आम्ही बकरा गच्चीवर बांधला होता आणि कुंडी त्याच्या दोराच्या टप्प्यात. वेळीच दिसले म्हणून बरे. जनावरांनाही हे विष बाधते.

तर आमच्यात ठरले ते असे. पाच-सहा वर्षांखालचे मूल, किंवा सगळे तोंडात घालणारे मूल घरात असेल तर कळलावी नको. गच्चीला कुलूप असले तरी नको. बाकीच्यांनी लावावी, कुंडीवर चिठ्ठी असावी आणि कंद कधीही स्वयंपाकघरात जाऊ नये. धाकटीने तिचे सगळे कंद नांदेडला पाठवले, या वेळी डब्यात, डब्यावर तीनदा लिहून. सोबत एसटीने तुराट्यांचा भाराही आला. तिच्या रिकाम्या कुंडीत आता अबोली आहे. तीही आपल्याच देशातली, वर्षानुवर्षे टिकणारी, आणि नातवाने फूल तोडून कानात अडकवले तरी काळजी नाही. दीड महिन्याच्या अबोल्यानंतर अबोलीच का सुचली, असे भाभी विचारते. तिला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.