वाड्याला चुनाच हवा

वाईतल्या आमच्या वाड्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तेव्हा पहिला सल्ला सगळ्यांकडून एकच आला: जुना गिलावा खरवडा आणि सिमेंट मारून टाका, पुन्हा बघायला नको. जुनं घर राखू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगतंच. मला हा सल्ला घातक वाटतो.

आपला वाडा उभा असतो तो लाकडावर. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट. भिंती खाली दगडाच्या, वर विटामातीच्या. या भिंती जमिनीतली ओल ओढून घेतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देतात. सिमेंट तिला कोंडतं. मग ओल वर चढत जाते, क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो, विटांचा भुगा होतो आणि भिंतीत चिणलेला खांब बुडाशी कुजू लागतो. बाहेरून मात्र सगळं टणक दिसतं.

चुन्याला वेळ द्यावा लागतो, हे खरं. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवायचा, मग वाळू किंवा विटांचा चुरा घालून घाणीत मळायचा. पूर्वी घाणीचं दगडी चाक बैल ओढत, आता मोटर ओढते. त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी पडतं. लावल्यावरही गिलावा घाईनं वाळू द्यायचा नाही, ओला ठेवायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत तो हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. हे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरलेत. आमच्याकडे आलेले मिस्त्री थापीच्या आवाजावरून कुठे पोकळ राहिलंय ते सांगत. अशा माणसांना काम मिळत राहिलं तरच ही विद्या टिकेल.

लाकडाचंही तसंच. खांब बुडाशी कुजला म्हणून अख्खा बदलायची गरज नसते. कुजलेला तुकडा कापून जुन्याच सागाचा सांधा देता येतो. हा जुना साग येतो कुठून, तर पाडलेल्या वाड्यांतून. कुणाच्या तरी माजघराची तुळई आपल्या ओसरीवर चढताना पाहून आनंद होत नाही. वाटण्या, भाडेकरू, कोर्टकज्जे यांत अडकलेली किती घरं अशी मोडीत निघाली! वारसांनी वेळेवर एकत्र बसायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मग नव्याला जागाच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. ज्या मंगळुरी कौलांना आपण आज पारंपरिक म्हणतो, त्यांचा कारखाना बासेल मिशननं मंगळुरात 1865 मध्ये काढला. त्याआधी नळीची कौलं होती. म्हणजे आपल्या पणजोबांनी त्यांच्या काळातली नवी वस्तूच छपरावर चढवली. तेव्हा आपणही स्वयंपाकघरात ओटा, चिमणी, हवं ते आणावं. माझी अट एवढीच: नवं ते उद्या काढता यावं आणि त्यापायी जुनं फुटू नये. न्हाणीघर, शौचालय परसदारी किंवा बाहेरच्या भिंतीलगत घ्यावं, म्हणजे नळाचं पाणी मातीच्या भिंतीत मुरत नाही. वायरिंगसाठी भिंती खोदू नयेत, ती लाकडी पट्टीतून वरूनच न्यावी. दिवे तुळईच्या आडोशाला लावले, तर कडीपाट रात्रीही नजरेत भरतो. खांबांवरचा ऑइलपेंट उतरवला की खाली सागाचा रंग असतोच. कोनाडे बुजवू नका, पुस्तकांना त्याहून चांगली जागा नाही. साधा सोफाही महिरपीखाली शोभतो. खोटे कोरीव खांब आणि प्लास्टिकची झुंबरं तेवढी नकोत, कारण खऱ्यासमोर ती फार केविलवाणी दिसतात.

वाडा आधी पाण्यानं खचतो, बाकी सगळं नंतर. तुमच्या गावाकडे असं घर असेल, तर रंगाचा आणि फर्निचरचा विचार मागे ठेवा. यंदा मृगाआधी कौलं चाळून घ्या, पन्हळी साफ करा आणि जोत्याजवळ साचणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या.