मांडव घातला, नोंद राहिली

रुक्मिणीचे माहेर आपल्या अमरावती जिल्ह्यातले, वर्धेकाठचे कौंडण्यपूर. भावाने ठरवलेला शिशुपाल तिला नको होता. तिने श्रीकृष्णाला पत्र धाडले आणि अंबादेवीच्या देवळातून तो तिला घेऊन गेला, अशी आपल्याकडची श्रद्धा. आजही तिची पालखी कौंडण्यपूरहून आषाढीला पंढरपूरला जाते. आणि त्याच पालखीला हात जोडणारा बाप, घरच्या पोरीने आपला नवरा आपण शोधला तर दोन दिवस जेवत नाही.

हे आठवण्याचे कारण यवतमाळचे. २०१७ च्या डिसेंबरअखेर तिथे एक लग्न झाले. नवरदेव दोन होते, नवरी नव्हती. हौस पुरी झाली, पण नोंदणी होणे शक्यच नव्हते. त्या दिवशी भारतीय दंड विधानाचे ३७७ वे कलम जिवंत होते आणि अशा संबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लिहिलेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या कलमाची धार बोथट केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती परत लावली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती कायमची काढली. गुन्हा संपला. नाते मात्र कुठल्याच रजिस्टरात बसेना.

ते बसवावे म्हणून जोडपी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय नवे शब्द घालू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. कौल यांना, अशा सहजीवनाला सरकारने काही मान्यता द्यायला हवी, असे वाटले. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ते नाकारले. एकत्र राहण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्याला दर्जा देण्याचे बंधन सरकारवर नाही, असा त्यांचा सूर. तृतीयपंथी व्यक्तीने भिन्नलिंगी जोडीदाराशी केलेले लग्न मात्र चालू कायद्यातच बसते, हे या निकालाने स्पष्ट केले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

बहुमताची अडचण खोटी नव्हती. पती आणि पत्नी हे शब्द वारसा, पोटगी, घटस्फोट अशा कितीतरी कायद्यांत विणलेले आहेत; एक धागा ओढला की सगळे वस्त्र हलते. पण 'संसदेकडे जा' म्हणणे सोपे आहे. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. सुनावणीच्या वेळी राज्यांची मते मागवली गेली, तेव्हा तीन राज्यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने काय कळवले? वेळ हवा! नाही म्हणायचे धैर्य नाही, हो म्हणायचेही नाही.

प्रश्न मांडवाचा नाहीच, कागदाचा आहे. समजा, अकोल्यात दोन बाया वीस वर्षे एका घरात राहताहेत. एक जिल्हा परिषदेची शिक्षिका, दुसरी शिवणकाम करणारी. उद्या शिक्षिकेला अर्धांगवायूचा झटका आला, तर दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात दुसरीने काय लिहावे? मैत्रीण? सही मागायला वीस वर्षे तोंड न पाहिलेला भाऊ बोलावला जातो. ती गेली तर शेताच्या सातबाऱ्यावर फेरफार त्याच भावाचा, आणि जुन्या नियमातली कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम कुणालाच नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये केंद्राने काही सूचना काढल्या : अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडू द्यावे, एकमेकांना नॉमिनी करू द्यावे, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात द्यावे. यातली ग्यानबाची मेख अशी, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारणारा, मालकी वारसाची. म्हणजे बँक पैसे शिवणकामवालीच्या हाती देईल आणि भाऊ ते कोर्टातून परत मागू शकेल.

विवाहाचा कायदा कधी बदललाच नाही, असेही नाही. नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर एकेकाळी 'मी हिंदू नाही' असे लिहून द्यावे लागे. आपल्या मध्य प्रांतातल्या सर हरिसिंग गौर यांनी खटपट करून १९२३ मध्ये हिंदूंपुरती ती अट काढायला लावली. अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी १९२७ मध्ये जात ओलांडून लग्न केले, तेव्हा काय गहजब झाला असेल, याची कल्पना आज त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनाही येणार नाही.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांशी एक गोष्ट बोलायची आहे. पोराचा कल कळला की 'लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल' हा आपल्याकडचा रामबाण उपाय. त्यात फसते ती परक्या घरची मुलगी. तिला काहीच सांगितलेले नसते. वर्षभरात दोष तिच्याच अंगाला चिकटतो आणि माहेरचे लोक 'जुळवून घे' म्हणून परत पाठवतात. कोर्टाने काहीही म्हणो, हा अन्याय थांबवायला कुठल्याही घटनापीठाची गरज नाही.

आणि ज्यांची जोडी ठरून गेली आहे, त्यांनी वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे. ते नोंदवलेच पाहिजे असे नाही, पण नोंदवलेले बरे. दोन साक्षीदार मात्र हवेतच. स्वकष्टाचे घर, शेत, ठेवी त्यात लिहिता येतात. दवाखान्यासाठी वेगळे अधिकारपत्र करावे, नॉमिनेशन तपासावे. निवृत्तिवेतन मात्र मृत्युपत्रात लिहिता येत नाही. त्यासाठी कायदाच बदलावा लागेल.