वळणावरचा माणूस

वार्षिकासाठी लेख दे, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी विषय सांगून टाकला : खेळण्यातल्या मोटारींची शर्यत. ते हसले. 'अरे, तू तृतीय वर्षात आहेस की तिसरीत?' असेही त्यांनी विचारून घेतले. त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावाने मला ही शर्यत पाहायला नेले, तेव्हा मीही मनातल्या मनात असाच हसलो होतो. परंतु त्या संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीमुळे आधीची एक मोठी चूक आठवली. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ येथे राहतात. सुट्टीत महिनाभर त्यांच्याकडे गेलो होतो. एका शुक्रवारी मामेभाऊ म्हणाला, 'दादा, आज क्लबला येतोस?' क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय काय आले ते येथे लिहीत नाही. प्रत्यक्षात तो एका सार्वजनिक सभागृहाच्या मागच्या बाजूचा लांबट हॉल निघाला. एका कोपऱ्यात चहाची किटली, बिस्किटांचा डबा, आणि उरलेली सगळी जागा व्यापून राहिलेला, कमरेइतक्या उंचीचा, वळणावळणांचा लाकडी रस्ता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रस्त्यात चार खाचा कोरलेल्या असतात, आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पट्ट्यांतून वीज खेळते. गाडी खऱ्या गाडीच्या एक बत्तिसांश, म्हणजे साडेचार मीटरची मोटार येथे चौदा सेंटिमीटरची. तिच्या पोटाखाली एक पाते असते ते खाचेत बसते, आणि पात्यालगतचे ब्रश पट्ट्यांना घासत जाऊन मोटरला वीज पुरवतात. खेळणाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. घोडा दाबला की वीज वाढते आणि गाडी पळते. सोडला की गाडीच्या मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. बस्स, एवढेच. सुकाणू नाही. दिशा खाच ठरवते, माणूस फक्त वेग ठरवतो.

हे मी आमच्या एका प्राध्यापकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे आपली शिक्षणपद्धतीच की!' सरांचा विनोद मला आवडला. पण सर, तो अर्धाच खरा आहे. सरळ रस्त्यावर घोडा कोणीही दाबू शकतो. वळणावर वेग जास्त झाला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, पाते खाचेतून निसटते आणि गाडी रस्त्यावर आडवी पडते. कमी झाला तर बाकीचे पुढे जातात. तेव्हा खाचेतल्या गाडीलाही कौशल्य लागते, आणि ते बहुतांशी केव्हा सोडावे हे कळण्याचे आहे.

खेळाचा इतिहासही त्या भागाशी जोडलेला आहे. पोर्टस्मथपासून जवळच हॅव्हंट नावाचे गाव आहे. तेथे फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाचा खेळण्यांचा कारखाना होता. १९५२ पासून तो किल्लीच्या मोटारी विकत असे. त्यांचे नाव 'स्केलेक्स'. किल्लीच्या मोटारींचा बाजार मंदावला तेव्हा त्याने त्यांत विजेची मोटर बसवली, आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडले. मागणी एवढी आली की पुढच्याच वर्षी त्याने आपली कंपनी एका मोठ्या उत्पादकाला विकली. १९६० नंतर अमेरिकेत या खेळाची लाट आली. शहरोशहरी मोठमोठे रस्ते मांडून तासाच्या भाड्याने खेळू देणारी केंद्रे निघाली, आणि दशक संपता संपता त्यांपैकी बहुतेकांना कुलपे लागली. टिकून राहिले ते मुख्यतः असे छोटे क्लब, जेथे रस्ता सभासदच मांडतात, सभासदच झाडतात आणि शर्यतही सभासदच चालवतात. या टिकण्याचे कारण मला त्या संध्याकाळी दिसले असे मला वाटते. ते कारण दोन नियमांत आहे.

पहिला नियम मार्गांचा. चार मार्ग सारखे नसतात. आतल्या खाचेला वळण आवळ पडते, बाहेरच्या खाचेला ते ऐसपैस मिळते. एखाद्या मार्गात एखादा कोपरा विशेष अवघड असतो. म्हणून एकाच मार्गावर धावून निकाल लावत नाहीत. प्रत्येकाने चारही मार्गांवर तीन-तीन मिनिटे गाडी चालवायची, आणि चारही वेळच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे त्याचा निकाल. 'मला वाईट मार्ग मिळाला' असे म्हणायला कोणालाच जागा नाही. कारण वाईट मार्ग सर्वांनाच एकदा मिळतो.

दुसरा नियम मार्शलचा. त्या दिवशी आम्ही बाराजण होतो. चौघे खेळत, तेव्हा उरलेल्यांनी वळणावळणांवर उभे राहायचे. आपल्या वळणावर गाडी पडली की उचलायची आणि जेथे पडली तेथेच पुन्हा खाचेत बसवायची. गाडी कोणाची ते पाहायचे नाही. दुसऱ्याच्या धक्क्याने कोणी पडले असेल तर आधी त्याची गाडी बसवायची, धक्का देणाऱ्याची नंतर. आणि हे काम ऐच्छिक नाही. जो खेळला त्याने उभे राहिलेच पाहिजे. नुकताच ज्याला हरवायचे आहे त्याचीच पडलेली गाडी आपण उचलून देतो, आणि पाच मिनिटांनी तो आपली उचलतो.

पाहुणा असूनही मला खेळायला मिळाले. उसन्या गाडीने मी बाराजणांत बारावा आलो, त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते माझ्या मार्शलगिरीबद्दल. मला एक लांब आवळ वळण दिले होते. शेवटच्या चौकडीत माझा मामेभाऊ होता आणि सत्तरीचे एक गृहस्थ होते. मामेभावाची गाडी लाल, त्यांची पिवळी. दोघांच्या फेऱ्या जवळजवळ बरोबरीत चालल्या होत्या. शेवटच्या तीन मिनिटांत मी माझे वळण सोडून लाल गाडीकडेच पाहत राहिलो. समोरच्या सरळ रस्त्यावर ती कशी झेपावते आहे, याच्यात मी रंगून गेलो.

'यलो!' असा आवाज आला. मी ऐकला, पण तो माझ्यासाठी आहे हे कळले नाही. पुन्हा, थोडा मोठ्याने, 'यलो!' मी खाली पाहिले तर पिवळी गाडी माझ्या हाताखालीच उताणी पडलेली. गडबडीने उचलली, पाते खाचेत बसवायला दोनदा चुकलो, आणि ती निघाली. सगळे मिळून चार-पाच सेकंद गेले असतील.

निकाल लागला. पिवळी गाडी अर्ध्या फेरीने हरली. त्या रस्त्याची एक फेरी सुमारे आठ सेकंदांची. हे गणित करायला कलाशाखेचा विद्यार्थीही पुरेसा आहे.

कोणीही मला काही बोलले नाही. गृहस्थांनी मामेभावाशी हस्तांदोलन केले आणि ते आपली गाडी पेटीत ठेवू लागले. मी जवळ जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, 'पडलो मी माझ्या चुकीने. तेवढी शिक्षा मला होणारच. पण पुढच्या वेळी तू तुझ्या वळणाकडे बघ.' एवढे बोलून त्यांनी मला बिस्किटांचा डबा पुढे केला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कोणी म्हणेल, खेळण्यातल्या मोटारीसाठी एवढे? मोटारीसाठी नव्हे. 'यलो' अशी हाक मी त्याआधीही एकदा ऐकली होती, हे मला आठवले.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, वर्गातल्यांना कळेलच. माझ्याच बाकावर बसे. रोज पहाटेच्या एस.टी.ने येई, आणि पावसाळ्यात ती बुडाली की पहिले दोन तास बुडत. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात तो इंग्रजीत राहिला. त्यानंतर त्याचे येणे कमी झाले. एक दिवस मोबाइलवर त्याचा निरोप आला : 'इंग्रजीच्या नोट्स पाठवशील का?' मी त्या वेळी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत होतो. 'उद्या पाठवतो' असे लिहिले. आठवड्याने पुन्हा निरोप आला : 'जमलं का?' तो मी वाचला, आणि उत्तर द्यायचे राहून गेले. स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. विषय होता 'तरुणांची सामाजिक बांधिलकी'. तो मुलगा त्यानंतर महाविद्यालयात आला नाही.

मित्रहो, आता माझे म्हणणे मांडतो. त्या क्लबाचा पहिला नियम आपल्या हाती नाही. आपल्याकडे प्रत्येक जण जन्मभर एकाच मार्गावरून धावतो. एकाच्या घरी पुस्तकांचे कपाट आणि अभ्यासाची खोली, तर दुसऱ्याच्या नशिबी पहाटेची एस.टी. आणि संध्याकाळची गुरे. परीक्षेला मात्र प्रश्नपत्रिका एकच, आणि निकालाच्या फलकावर कोणाचा मार्ग कोणता होता हे लिहिलेले नसते. हे मार्ग आलटून पालटून देण्याची व्यवस्था मी किंवा आमचे प्राचार्य करू शकणार नाहीत. परंतु दुसरा नियम? त्याला पैसा लागत नाही, विद्यापीठाची मंजुरी लागत नाही. वळणावर उभे राहायला माणूस तेवढा लागतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. स्पर्धेचे जग आहे. पडणाऱ्याला उचलत बसले तर त्याला पडण्याचीच सवय लागेल. पण मार्शल काय करतो ते नीट पाहा. तो गाडी ढकलत नाही, चार हात पुढे नेऊन ठेवत नाही. जेथे पडली तेथेच ठेवतो. पडण्याने जो वेळ गेला तो गेलाच. त्याची भरपाई कोणी देत नाही. मार्शल फक्त एवढेच पाहतो, की एका वळणावरची चूक ही सगळ्या शर्यतीचा शेवट ठरू नये. नोट्स दिल्याने माझा मित्र उत्तीर्ण झालाच असता असे मी म्हणत नाही. पेपर त्यालाच लिहायचा होता. तो लिहायला तो खाचेत तरी असता.

दुसरा आक्षेप असा, की हे साहेबाच्या खेळातले धडे आपल्याला कशाला? तर दहीहंडी आठवा. वरच्या थरावरच्या गोविंदाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. पण थरांभोवती कडे करून, हात वर करून जी माणसे उभी असतात, त्यांच्या भरवशावर तो वर चढलेला असतो. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण ती उत्सवापुरती ठेवली आहे, एवढेच.

माझा भर मात्र एका गोष्टीवर आहे. हे काम चांगुलपणावर सोडू नये. चांगुलपणा माझ्याकडेही होता. बक्षीस मिळण्याइतके चांगले भाषण मी त्यावर केले होते. त्या क्लबात मार्शलला कोणी थोर म्हणत नाही, कारण ते त्याचे पाळीचे काम असते. तसेच आपल्याकडे व्हावे. प्रत्येक विभागाने वर्षाच्या आरंभी एक तक्ता लावावा. तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे प्रथम वर्षाची दोन-तीन नावे द्यावीत. त्यांतले कोणी आठ दिवस दिसले नाही, कोणी एखाद्या विषयात राहिले, तर चौकशी करायची, राहिलेल्या नोट्स पोचवायच्या, परीक्षेच्या अर्जाची तारीख कळवायची. यापेक्षा अधिक काही नाही. प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तक्त्यावर नजर टाकावी.

परत आल्यावर मी त्या मित्राला फोन केला. तो आता तालुक्याच्या गावी एका दुकानात काम करतो. मी नोट्सचा विषय काढला, उशीर झाल्याबद्दल बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'पाठव. फॉर्म भरीन की नाही, बघू.' त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. नोट्स मी त्याच रात्री पाठवल्या. अर्ज भरण्याची मुदत अजून आहे. ती संपण्यापूर्वी एका रविवारी त्याच्या गावी जाऊन येणार आहे.

तो फॉर्म भरील की नाही, हे मला माहीत नाही. परंतु पुढच्या वर्षी असा तक्ता लागणार असेल, तर जाण्यापूर्वी तो आखून देण्याचे काम माझ्याकडे द्यावे, अशी विभागप्रमुखांना विनंती आहे.